चाळीस हिरव्या पट्ट्या

दिराने तिसऱ्यांदा धंदा काढला तेव्हा थोरल्या सुनेने काहीच म्हटले नाही. आधीच्या दोन्ही वेळी म्हटले होते आणि त्याचा उपयोगही पाहिला होता.

ह्या वेळी मात्र तो तिच्या हद्दीत शिरला होता. ती बावीस वर्षे डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासत होती. दूध आंबायला लागले की हिरव्याची पिवळी होणारी कागदी पट्टी तिनेच त्याला करून दाखवली होती. त्यावर त्याने दोन महिने 'काम' केले. म्हणजे बोधचिन्ह निवडले, कार्डावर 'संस्थापक' छापून घेतले आणि माळ्यावरची अडगळ हलवून त्या खोलीला ऑफिस म्हणायला सुरुवात केली. आता उद्या धाकटी जाऊ शाळेतली गणिताची नोकरी सोडणार होती. कंपनीला संचालक हवी होती ना! राजीनामा माळ्यावरच्या ऑफिसात टेबलावर होता. फक्त सही राहिली होती.

"चाचणी झाली, वहिनी!" दीर म्हणाला. "चाळीस घरं फिरलो. चाळीसच्या चाळीस पट्ट्या हिरव्या. शंभर टक्के निकाल!"

"नासलेल्या दुधात किती बुडवल्या?"

"नासलेलं कोण देणार? आलेल्या माणसाला लोक चांगलंच दूध दाखवतात."

थोरलीने धाकटीकडे पाहिले. ती पेनाचे टोपण काढत होती, लावत होती.

"भावजी, खाली कालचं दूध बाहेर राहिलंय. तेवढं आणा."

तो नाक धरून वाडगा घेऊन आला. दूध फाटून त्यावर पाणी सुटले होते. थोरलीने पट्टी बुडवली, मनात साठ आकडे मोजले, बाहेर काढली. हिरवीगार. दुसरी काढली. तीही हिरवी. धाकटी खाली गेली आणि लिंबू कापून घेऊन आली. लिंबाच्या रसातही पट्टी हूं की चूं करीना.

"बघा, रंग किती पक्का आहे!" संस्थापक म्हणाले.

थोरलीने पट्टीची कड नखाने उचकटली. वर पारदर्शक पापुद्रा होता.

"हे काय लावलंत?"

"लॅमिनेशन! तुमच्या पट्टीचा रंग हाताला लागायचा, वहिनी. गिऱ्हाईक काय म्हणेल? आता धुतली तरी चालते."

"म्हणजे आतल्या कागदाला दूध लागतच नाही."

"तेच तर!"

थोरलीने बावीस वर्षांत दुधात पाणी घालणारे पाहिले होते, पीठ घालणारे पाहिले होते. आपण काय करतोय एवढे तरी त्या चोरांना ठाऊक असे.

"बारीकसारीक दोष आहेत, पुढच्या खेपेला काढू," दीर बायकोकडे वळला. "तू सही कर गं. चाळीस घरांचा पाठिंबा आहे आपल्याला."

"माझ्या वर्गात एकाने चाळीस गणितांची उत्तरं चाळीस वेळा 'बारा' लिहिली होती," धाकटी म्हणाली. "तोसुद्धा पेपर देताना असाच हसत होता."

"मग?"

"मग काय? पुन्हा त्याच वर्गात बसवला. त्याला शिकवायला कोणीतरी शाळेत हवं ना."

वाडगा हिंदकळून टेबलावर आंबट ओघळ आला होता. धाकटीने राजीनामा उचलला, नीट चौघडी घातली आणि वाडग्याखाली सरकवला.

"टेबलाला डाग पडेल, ताई," ती थोरलीला म्हणाली.

कागदाने मात्र दूध लगेच शोषून घेतले.