दोन बोटांची उंची

बोहुमीरने टायर उभा धरला, नखाने नक्षीतली खाच दाबून पाहिली आणि खिशातली टेप काढून आतल्या कडेला लावली. एकोणीस इंच. टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली, पुन्हा लावली. एकोणीसच.

पोलंडहून आलेली विक्रेती टेम्पोच्या फळीवर पाय सोडून सूप पीत होती. माल जुना नाही, नुसता साचा जुना आहे, रबर गेल्या वर्षीचंच, असं तिचं दोनदा सांगून झालं होतं. बोहुमीरने तिसऱ्यांदा टेप काढली तेव्हा तिने चमचा खाली ठेवला.

"मोजून मोजूनच झिजवाल तो. थोडा रस्त्यासाठी ठेवा."

पुढच्या चाकाला उभ्या रेघांचा, मागच्याला चौकड्यांचा, रुंदी तीन इंच. १९५१ सालची जावा कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या पायात जे होतं ते हेच. ह्या जोडीसाठी बोहुमीरने तीन वर्षं मोराव्हिया प्रांतातले सगळे जुने बाजार पालथे घातले होते. कुणी नक्षी बरोबर पण माप चुकीचं दाखवी, कुणी माप बरोबर पण नक्षी आजच्या गाड्यांची. एका शेतकऱ्याकडे अगदी हवी ती जोडी निघाली, पण चाळीस वर्षं हातगाडीखाली सशांचं गवत वाहून तिचा दगड झाला होता. सोळा इंचींना मात्र तोटा नव्हता, त्यांच्या जिकडेतिकडे राशी. आता ही जोडी गाडीच्या डिकीत टाकताना त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता. त्रेपन्न वर्षांचा, दुधाचा टँकर चालवणारा गंभीर माणूस, पण घरी येईपर्यंत शीळ घालत आला.

मोटरसायकल त्याच्या वडिलांची. अलोइस कारखान्यात लेथवर होते. केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा माणूस, असं लोक म्हणत. आणि ह्याच माणसाने, बोहुमीरला कळायला लागायच्या आधी कधीतरी, जावाची मोठी चाकं काढून नंतरच्या गाडीची सोळा इंची चाकं बसवली होती. आसावर चाक चपखल बसावं म्हणून बुश स्वतः घडवून बसवली होती, त्यामुळे काम चोख होतं. दिसायला मात्र गाडी बसकी दिसे, कुणीतरी डोक्यावर टपली मारल्यासारखी. गावाने तिचं नाव खेचर ठेवलं. ते नाव शोधून काढलं क्वापिलने, जो आज जुन्या गाड्यांच्या क्लबाचा म्होरक्या आहे आणि दर मे महिन्यात तळ्याकाठच्या मेळाव्यात हातात टेप घेऊन प्रत्येक गाडीला गुण देतो. घोडं विकून खेचर घेतलंस का रे, असं तो अलोइसना गुत्त्यात तीस वर्षं विचारत होता. अलोइस बिअरवरचा फेस फुंकत आणि हसत. ते हसू बोहुमीरला लहानपणापासून डाचत आलं होतं. वडिलांनी एकदा तरी उत्तर द्यावं असं त्याला फार वाटे. ते काही न बोलताच गेले, त्याला अकरा वर्षं झाली.

मूळ चाकं घरातच होती. शेडच्या आढ्याला, गोणपाटात गुंडाळून, ग्रीस लावून टांगलेली. आऱ्यांवर गंजाचा ठिपका नाही. कमी होते ते फक्त टायर. उद्याच्या रविवारी क्वापिल वाकेल, मोजेल आणि त्याला बोलायला जागा उरणार नाही. वडिलांच्या नावावरचा तेवढा एक डाग पुसायचा, एवढंच बोहुमीरला हवं होतं.

दुपारी दोनला काम संपलं. त्याने गाडी स्टँडवरून उतरवून भिंतीला टेकवली आणि तो लांब जाऊन उभा राहिला. गाडी तोऱ्यात उभी होती.

आई कोलाचांचा, गोड सारण भरलेल्या गरम पावांचा, ट्रे घेऊन आली. द्राहोमीरा शहात्तर वर्षांची. उंची इतकी बेताची की दुकानात वरच्या फळीवरचं काही हवं असलं तर ती आधी एखादा उंच माणूस शोधायची, मग साखर. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. वाखाणणी केली नाही. ट्रे बाकावर ठेवला, एप्रनला हात पुसले, डावी मूठ धरली आणि सरळ टांग टाकली.

आई पडते की काय म्हणून बोहुमीर धावला आणि त्याने समोरून हँडल धरलं. पण आई पडत नव्हती. तिचा उजवा हात न बघता ब्रेकवर गेला होता, डाव्या पायाला गिअर आपोआप सापडला होता. फक्त पाय खाली सोडले तेव्हा तिच्या सपाता जमिनीपासून दोन बोटं वर लोंबत राहिल्या.

"उंच झाली," ती म्हणाली.

"बरोबर झाली, आई. पहिल्यापासून एवढीच होती."

"मला सांगतोस?"

मग तिने तिथेच बसून सांगितलं. रविवारी नऊ वाजता सगळं गाव चर्चमध्ये असायचं. सासूला सांगायचं की आम्ही शेजारच्या गावच्या मोठ्या चर्चमध्ये जातो. अलोइस पुढे, ती मागे, डोक्याला पांढरा रुमाल. छोट्या देवळीच्या वळणावर शेवटचं छप्पर झाडांआड गेलं की अलोइस उतरायचा, ती पुढे सरकून हँडल धरायची आणि तो मागे बसायचा. सुरुवातीला तिचे पाय पुरत नसत. दोनदा पडली, दुसऱ्यांदा खाजऱ्या पाल्याच्या झुडपात. पुढच्या शनिवारी चाकं लहान झाली होती.

सासूला कळलं असतं तर दोघांना घराबाहेर काढलं असतं. आणि आजी गेल्यावर, असं बोहुमीरने विचारलं.

"तोवर चोरून जायची गोडी लागली होती," आई म्हणाली. "आणि तो म्हणायचा, सांगितलं तर क्वापिलही बायकोला शिकवेल, मग रस्त्यावर गर्दी."

"पण तीस वर्षं लोक त्यांना हसत होते."

"हसू दे म्हणायचा. आपलं काय झिजतंय."

बोहुमीरने आढ्याकडे पाहिलं. रिकामं गोणपाट अजून तिथेच होतं.

"मग मोठी चाकं एवढी जपून कशाला ठेवली?"

आईने आपल्या सपातांकडे पाहिलं.

"म्हणायचा, द्राहा, तू थकशील त्या दिवशी परत बसवू." ती त्याच्या खांद्याला धरून खाली उतरली आणि तिने ट्रे उचलला. "तू बसवलीस. चल, गार होतायत."

बोहुमीरने कोलाच नुसताच हातात धरला. पाल्यातून उठणारी आपली आई डोळ्यांसमोर येऊन हसू फुटत होतं. शेवटी तो हसला, डोळे पुसले आणि उठून पाना हातात घेतला.

संध्याकाळी तो अदलाबदलीसाठी एकोणीस इंची जोडी घेऊन क्वापिलच्या दारात उभा होता. लहान चाकांवरचे जुने टायर भेगाळले होते आणि क्वापिलकडे सोळा इंची कोरी जोडी पडून आहे हे त्याला ठाऊक होतं. क्वापिलने रेघा पाहिल्या, चौकड्या पाहिल्या, टेप आणली. असले टायर तो स्वतःसुद्धा दोन वर्षं शोधत होता.

"लेका, माप बरोबर आहे की. मग मला का देतोस?"

"टायरचं बरोबर आहे, काका. मी मोजलं भलतंच."

"उद्या गुण कापावे लागतील मला."

"कापा."

"आणि खेचर म्हणेन."

"म्हणा ना," बोहुमीर म्हणाला आणि हसला. क्वापिल त्या हसण्याकडे बघतच राहिला. ते त्याने कुठेतरी पाहिलं होतं, बिअरच्या फेसाआड.

रविवारी नऊच्या घंटा झाल्या तेव्हा जावा फाटकातून बाहेर पडली. बोहुमीर पुढे, आई मागे. हेल्मेटखाली पांढरा रुमाल. शेजारच्या बाईंनी हात केला, मेळाव्याला का, असं विचारलं. आईने मान डोलावली.

देवळीच्या वळणावर शेवटचं छप्पर झाडांआड गेलं. रस्ता मोकळा होता, दोन्हीकडे सफरचंदांचा मोहर. बोहुमीरने गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं, खाली उतरला आणि हँडल धरून उभा राहिला.

 आई पुढे सरकली. दोन्ही बूट जमिनीला टेकले, टाचांसकट. तो मागे बसला.

"मेळाव्याला कितीला पोचायचंय?" तिने विचारलं.

"दहाला."

"मग नाही पोचत," ती म्हणाली, आणि तिने गिअर टाकला.