पहिलं बोलणं

रुक्मिणीबाईनं पुढं केलेला पाण्याचा गिलास अविनाशनं हातानंच बाजूला सारला.

"नको, मावशी."

शाळेच्या ओट्यावर जमलेल्या साठ-सत्तर माणसांची कुजबूज थांबली. सोनाळ्याहून पाच किलोमीटर आत, मधे नाला, असलं हे गाव. चौथीपर्यंतची शाळा बंद करून पोरं सोनाळ्याच्या शाळेत घालायची, याला आजच्या ग्रामसभेत हात वर करून संमती द्यायची होती.

आठ दिवसांमागं अविनाश याच ओट्यावर आला, तेव्हा त्याच्यासाठी खुर्ची मांडली होती. तो खुर्चीत बसला नाही. चपला खाली काढल्या, सतरंजीवर मांडी घातली, याच बाईच्या हातचा गिलास दोन्ही हातांनी घेऊन घटाघटा रिकामा केला. मग एकेकाच्या डोळ्यांत पाहून म्हणाला, पोरींना न्यायला रोज गावात गाडी येईल. गाव विरघळलं. विरघळणारच. लोकांचा विश्वास कसा कमवायचा, हे तो बुलडाण्यात पगार घेऊन शिकवायचा. तळहात उघडे ठेवा. म्हातारीच्या हाताला हात लावा. मोठ्या माणसापेक्षा उंच बसू नका. शिक्षण खात्याच्या ऑफिसानं त्याला पाठवलं होतं ते यासाठीच.

कसं बोलायचं ते त्यानं बारकाईनं ठरवलं होतं. गाडी मंजूर झाली का, एवढं मात्र विचारलं नव्हतं. काल विचारलं. साहेब हसले. म्हणाले, कुठली गाडी?

म्हणून आज तो कोणाला न सांगता मोटारसायकल काढून आला होता. या गावचं पाणी प्यायला तोंड उरलं नव्हतं. चपला काढायचंही सुचलं नाही. खांबाशी उभा राहून, पायाच्या अंगठ्याकडं पाहत तो बोलला. गाडी येणार नाही. मी चुकीचं सांगितलं. हात वर करू नका.

ज्याच्या दोन पोरी याच शाळेत होत्या तो पंजाबराव उठला.

"इकडं पाहून बोल ना, बापू. काऊन खाली पाहून राह्यला?"

अविनाशनं मान वर केली. नजर भिडली आणि लगेच घसरली. हात कुठं ठेवावे कळेना, म्हणून त्यानं ते खिशात घातले.

"पाहा," पंजाबराव सभेकडं वळला. "याले कोनीतरी दमात घेतलं. मांगच्या खेपी कसा मोकळा बोलला होता. आज पाणी बी पेला नाही."

मग जो तो सुरू झाला. कोणी म्हणालं, सोनाळ्याच्या जीपवाल्यांनी धमकावलं असेल, गाडी आली तर त्यांचा धंदा बसतो. कोणी म्हणालं, मास्तरानंच पढवलं, त्याला बदली नको. दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या होत्या. खरी तेवढीच कोणाला पटत नव्हती.

काय केलं की पटेल, हे अविनाशला ठाऊक होतं. त्यानं एक पाय चपलेतून बाहेर काढला. आणि थांबला. हेच करून तर यांना फसवलं. परत तेच? लाजेनं त्याचे कान तापले. लाज आठ दिवसांमागं वाटायला पाहिजे होती. आता वाटली ती नुसती चैन. तिची किंमत पोरी मोजणार होत्या.

त्यानं पाय पुन्हा चपलेत घातला.

सरपंचानं विचारलं, कोण कोण संमत? पहिला हात रुक्मिणीबाईचा वर गेला. तिची नात प्रतीक्षा तिसरीत होती. मग पंजाबरावचा. मग सगळ्यांचे.

सभा उठली. रुक्मिणीबाई तोच गिलास घेऊन त्याच्यापाशी आली. आवाज खाली आणून म्हणाली,

"भेऊ नको, बापा. कोनी काई बी शिकवू दे. आमी तुह्या पयल्याच बोलावर आहो. आता तं पे."

अविनाशनं चपला काढल्या आणि गिलास दोन्ही हातांनी घेतला.