दिली की मघाशी

सिस्टरने बाटली ट्रेमध्ये उपडी केली आणि प्लास्टिकच्या पट्टीने कॅप्सूल दोन-दोन करून बाजूला सारायला सुरुवात केली. समोरच्या खुर्चीत मीटरवाले बसले होते. शेजारच्या खुर्चीत, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून, त्यांची बायको. कॅप्सूल संपल्या तशी पट्टी थांबली. सिस्टरने सगळ्या परत एकत्र केल्या आणि पहिल्यापासून मोजल्या.

“काका, कमी भरतायत,” ती म्हणाली. “जेवढ्या उरायला हव्या होत्या, त्याच्या निम्म्यासुद्धा नाहीत.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. आता सिस्टर आपल्याकडे बघणार, असं वाटून बाई वजनकाट्याकडे बघत राहिल्या.

“मीच घेतल्या,” मीटरवाले म्हणाले. “मध्ये दोन-दोन घेत होतो. म्हटलं, लवकर फरक पडेल.”

बाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो माणूस इतक्या शांतपणे खोटं बोलत होता, की क्षणभर त्यांनाच ते खरं वाटलं.

या बाईंना लॉन्ड्रीत सगळे कडक वहिनी म्हणत. इस्त्रीमुळे की जिभेमुळे, हे ज्याने त्याने आपापल्या अनुभवावरून ठरवावं. मोठ्या हॉटेलांचे शर्ट आणि चादरी त्यांच्या टेबलावर यायच्या आणि सुरकुतीचं नाव न राहता जायच्या. नवरा वीजमंडळात मीटर वाचायला. कुठल्या घरातलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरोखर चावतं, हे त्याला पाठ. दिवसभर जिने चढायचे, आकडे टिपायचे आणि संध्याकाळी घरी आल्यावर वर तोंड करून म्हणायचं, “आज काही विशेष नाही.” अशी वर्षं गेली. मग पोटात गाठ निघाली आणि विशेष म्हणजे काय असतं ते दोघांनाही कळलं.

गाठ कापून झाली, सलाइनमधून औषधं सुरू झाली. केस गेले, ते परत येतात म्हणे. पण अंगातलं त्राण गेलं ते काही येईना. जिने चढण्यात जन्म घालवलेला माणूस अंघोळ करून आला की पलंगावर टॉवेलसकट आडवा. जेवण हेच एक मोठं काम होऊन बसलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणायचे, “थकवा तर येणारच.” ते वहिनींनाही माहीत होतं, पण येणार म्हणजे किती दिवस राहायला येणार, ते कुणी सांगेना.

तेव्हा ही सिस्टर भेटली. कुठल्याशा वनस्पतीच्या मुळीची भुकटी भरलेल्या कॅप्सूल. कॅन्सरच्या माणसांचा थकवा त्याने कमी होतो का, याची चाचणी चालू होती. निम्म्या लोकांना खरी मुळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. “कुणाला काय मिळालंय ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही,” सिस्टर म्हणाली होती.

“म्हणजे लॉटरी,” मीटरवाले म्हणाले.

“फुकट आहे ना? मग घ्या,” वहिनी म्हणाल्या.

आणि लागली की लॉटरी. महिन्याभरात मीटरवाले पलंगावरून खिडकीपर्यंत आले, खिडकीतून जिन्यापर्यंत, आणि एक दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः पाव घेऊन आले. धापा टाकत होते, पण पाव हातात होता. वहिनी त्या बाटलीला पाणीसुद्धा लागू देत नव्हत्या.

आता वहिनींचं सांगायचं. त्यांचं तसं कुणी विचारत नव्हतं, म्हणून इथे तरी सांगू या. उजाडायच्या आत उठायचं, त्याचं आवरून द्यायचं, दुपारचं झाकून ठेवायचं, बस पकडून लॉन्ड्री. तिथे वाफेत दिवसभर उभं राहायचं. परत येताना औषधं. आल्यावर स्वयंपाक, धुणं, त्याचे पाय चेपणं. रात्री त्याला मळमळायला लागलं की बादली घेऊन बसणं. मोठी नणंद रोज फोन करायची. “जेवला का तो? झोपला का? बघ हं, त्याला दमवू नकोस. तू आहेस म्हणून निभावतंय बाई.” एवढं म्हणून फोन ठेवायची. नणंद मनाने वाईट नव्हती, भावावर जीव होता तिचा. पण तू कशी आहेस, हे दोन शब्द काही तिच्या तोंडून निघायचे नाहीत. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे.

आणि एके दिवशी वहिनींनी शर्ट जाळला.

पांढराशुभ्र शर्ट. इस्त्री पाठीवर ठेवली आणि उभ्या उभ्या डोळा लागला. वास आला तेव्हा पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता. लॉन्ड्रीच्या मालकीणबाई आल्या, शर्ट उचलून पाहिला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“वहिनी, आज तुम्ही घड्या घाला,” त्या हलकेच म्हणाल्या. “इस्त्री दुसरं कुणी करेल.”

इतक्या वर्षांत वहिनींच्या हातून इस्त्री कुणी काढून घेतली नव्हती. दिवसभर त्या मान खाली घालून घड्या घालत राहिल्या. संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला कॅप्सूल दिली, बाटलीचं झाकण लावता लावता हात थांबला. पुढची तारीख लांबली तर म्हणून बाटलीत आठवड्याभराच्या जास्तीच्या असतात, हे सिस्टरनेच सांगितलं होतं. घरात औषध थकव्याचं आणि थकलेली माणसं दोन. वहिनींनी एक कॅप्सूल तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी हात चालला. खरंच चालला. गुण औषधाचा की मनाचा, देव जाणे. मन मोठं लबाड असतं. मालकीणबाईंनी टेबल परत दिलं आणि वहिनींनी दुसऱ्या रात्री दुसरी घेतली. जास्तीच्या अशा किती असणार? त्या संपल्या. त्या संपल्या आणि वहिनींचे पाय पुन्हा शिशाचे झाले, तेव्हा जे व्हायला नको ते झालं.

“अगं, आज रात्रीची गोळी राहिली का?” मीटरवाल्यांनी पलंगावरून विचारलं.

“दिली की मघाशी,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“हो का? बरं.”

औषधांनी त्यांच्या डोक्याचाही भुगा केला होता. चष्मा फ्रीजमध्ये ठेवायचे आणि घरभर शोधायचे. त्यामुळे विश्वास बसला त्यांचा. वहिनींनी नळाखाली ग्लास धरला, नवऱ्याची कॅप्सूल गिळली आणि मग घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. आपण आजारी माणसाच्या तोंडचं काढलं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पुन्हा असं करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा केलं. नंतर तर ‘दिली की मघाशी’ हे इतकं सहज तोंडात येऊ लागलं, की आपलीच त्यांना भीती वाटायला लागली.

इकडे चाचणीच्या खोलीत सिस्टरचा चेहरा पार बदलला होता.

“दुप्पट? काका, किती दिवस? तुम्हाला सांगितलं होतं ना मी?” तिने फोन उचलला, आतल्या डॉक्टरांशी हळू आवाजात बोलली आणि खाली ठेवला. “यकृताची तपासणी करावी लागेल. रिपोर्ट येईपर्यंत आजचं सलाइन द्यायचं नाही म्हणतायत. पुढच्या आठवड्यात बघू.”

“चालेल,” मीटरवाले म्हणाले. “एक आठवडा तर आहे.”

टेबलाखाली त्यांनी वहिनींच्या मनगटावर हात ठेवला होता. गप्प बस, असा त्या हाताचा अर्थ. वहिनींना तो बरोबर कळला. गप्प बसलं तर अब्रू वाचत होती, नवऱ्याचं चाचणीतलं नावही कदाचित वाचलं असतं. फक्त पोटातल्या आजाराला एक आठवडा मोकळा मिळणार होता.

“सिस्टर, सलाइन थांबवू नका,” वहिनी म्हणाल्या. “त्यांनी एकही जास्तीची घेतलेली नाही. मी घेतल्या.”

“तुम्ही? काकू, तुम्हाला काय झालंय?”

“मला काही झालेलं नाही. थकव्याच्या आहेत ना त्या? मी थकले होते.” वहिनींचा आवाज अजून कडकच होता, मग तो एकदम फाटला. “यांना आजार आहे, यांना थकायला हक्क आहे. मला काय आहे? मी धडधाकट. मला कुठल्या तोंडाने म्हणायचं, की मला उद्या उठायचं नाहीये? आधी जास्तीच्या घेतल्या, त्याच कमी भरतायत. मग यांच्याही घेतल्या. रात्रीची दिली म्हणून सांगायचे आणि मीच खायचे.”

सिस्टरने पेन खाली ठेवलं. मग तिने वहिनींचा हात ओढून घेऊन रक्तदाबाचा पट्टा बांधला. चक्कर येते का, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का, छातीत धडधडतं का, सगळं विचारलं. मध्येच रागावलीही. “ज्या माणसावर चाचणी नाही त्याने हे घ्यायचं नसतं, काकू. काही झालं असतं म्हणजे?” वहिनी मान हलवत राहिल्या.

सलाइन आजच मिळणार होतं. पण नवी बाटली मिळणार नव्हती. डॉक्टर ठरवतील, सिस्टर म्हणाली, पण काकांचं नाव बहुतेक चाचणीतून निघेल.

“खरी होती का खोटी?” वहिनींनी विचारलं.

“मला खरंच माहीत नाही. चाचणी पुरी झाल्यावर उघडेल ते. वर्ष तरी जाईल.”

तिने उरलेल्या कॅप्सूल एका पाकिटात ओतल्या आणि पाकीट बंद करून खणात ठेवलं.

संध्याकाळी दोघं हॉस्पिटलच्या फाटकाजवळच्या बाकावर बसची वाट बघत बसले. सलाइन घेऊन मीटरवाल्यांचा चेहरा मातकट झाला होता.

“तुम्ही कशाला खोटं बोललात?” वहिनी म्हणाल्या.

“मग तुला बोलणी खाऊ द्यायची होती?”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“चष्मा फ्रीजमध्ये ठेवतो, मान्य आहे. पण ती गोळी घेतली, की तासभर मातीच्या वासाचे ढेकर येतात गं. ज्या रात्री नाही आले, त्या रात्री नाही घेतली. एवढं कळतं मला.”

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. म्हणजे ते सगळं ‘हो का’ आणि ते सगळं ‘बरं’.

“मग बोलला का नाहीत? भांडायचं होतं माझ्याशी.”

मीटरवाल्यांनी श्वास घ्यायला वेळ घेतला. “बोललो असतो तर बंद केली असतीस. तुला काय मी ओळखत नाही? आणि खरं सांगू का, पलंगावर पडल्या पडल्या मला दुसरं काय देता येत होतं तुला? घरातलं सगळं तूच आणतेस, तूच करतेस. तेवढी एक गोळी माझ्या नावाची होती.”

“मूर्ख आहात तुम्ही.”

“आहेच.”

“चांगले चालायला लागला होतात. तुमचा कोपरा गेला माझ्यापायी.” आता मात्र वहिनींना रडू आवरेना. त्यांनी पदराने नाक पुसलं, रस्त्यावरच्या माणसांना दिसू नये म्हणून तोंड फिरवलं.

“कोपरा कुठे जातोय,” मीटरवाले म्हणाले. “तिथेच असेल. आणि माझ्या मते सगळ्या खोट्याच होत्या. खऱ्या असत्या तर आपल्या दोघांपैकी एकाला तरी आत्ता उभं राहता आलं असतं.”

वहिनींना हसू आलं. हसायचं नव्हतं, तरी आलं. तेवढ्यात बस आली आणि दोघांनी एकमेकांना धरून उठवलं.

घरी जिन्यात तीनदा बसावं लागलं. आत आल्यावर वहिनींनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. “पाच मिनिटं पाठ टेकते, मग स्वयंपाकाला लागते,” म्हणून बाहेरच्या साडीतच आतल्या पलंगावर आडव्या झाल्या. दिवा लावायचंही राहिलं.

डोळे मिटतात न मिटतात तोच बेल वाजली. उठायला हवं, असं वहिनींना वाटलं. पण बाहेर खुर्ची सरकली, सपाता फरफटत दारापर्यंत गेल्या. मध्ये एकदा थांबल्या, भिंतीला धरलं असणार. मग कडी निघाली.

“अरे, तू कशाला उठलास?” नणंदेचा आवाज जिनाभर घुमला. “ती कुठे आहे? आज सलाइन होतं ना तुझं?”

“हळू बोल, ताई. ती झोपलीय.”

“झोपलीय? दिवेलागणीला? बरं नाही का तिला?”

“बरं आहे. दमलीय ती.”

वहिनी अंधारात डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. मीटरवाल्यांनी ते अगदी साधं सांगितलं होतं, मीटरवरचा आकडा वाचून दाखवावा तसं.

“आणि तुझ्या जेवणाचं?” नणंदेने विचारलं. आवाज आता खाली आला होता.

“बघतो काहीतरी. तू बस, आधी चहा टाकतो.”

सपाता स्वयंपाकघरात गेल्या. स्टूल ओढल्याचा आवाज आला, त्यावर ते बसले असावेत. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, नुसता जोरजोरात श्वास. मग नळ सुटला. पातेलं कशाला तरी आपटलं. साखरेचा डबा कुठे असतो ते त्यांना माहीत नव्हतं. फडताळाचं एक दार उघडलं, बंद झालं, मग दुसरं उघडलं.

खालच्या फळीवर, डावीकडे. वहिनींच्या ओठांवर आलं होतं. एक पाय पलंगाखाली उतरलाही होता, जमीन गार लागली. तो त्यांनी वर घेतला, पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिकडे डबे हलत होते, श्वास मोठ्याने चालला होता. वहिनी उठल्या नाहीत.