नवी चप्पल

"दिवाळीनंतर एखादी पोरगी नवी चप्पल घालून आली, तर कौतुक करू नका बाई. कुणी घेऊन दिली ते विचारा."

एकनाथ गुरुजी निवृत्त होताना म्हणाले होते. तलासरीकडच्या आमच्या पाड्यावरच्या शाळेत त्यांची सारी नोकरी गेलेली. मी हसले. म्हटलं, म्हाताऱ्याला चांगलं काही बघवत नाही.

ठकी माझ्या चौथीतली. पहिल्या सहामाहीत हजेरीला तिनं तोंड उघडलं नाही. नुसता हात वर. मी तिचं नाव दोनदा घ्यायची. दुसऱ्यांदा जरा लांबवून, "ठकीऽऽ". दिवाळीनंतर भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि वर्ग बाहेर जांभळीखाली आला. तिथं एका सकाळी ती ताडकन उठली. "हाजर बाय!"

"बाय, हिला आवाज हाय!" हाल्या ओरडला. पोरं खिदळली. घरी जाताना टमटममध्ये मी एकटीच हसत होते.

त्याच आठवड्यात ती गुलाबी चप्पल घालून आली.

"अरे वा ठकी, मस्तच!"

तिनं पाय फ्रॉकखाली ओढून घेतले.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. मी तिच्या घरी गेले. जमना, तिची आई, भात झोडत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मामाकडं गेली. अठं जमीन हालते नं बाय. तठं नाय हालं."

"मामा कुठं असतो?"

"वापीला."

पुढच्या खेपेला वापीचं वसई झालं. मी नंबर मागितला, तेव्हा जमनानं हातातला पेंढा खाली टाकला.

"तुम्ही अठं आल्यावर तुमची पोर कुठं ऱ्हाते बाय?"

"शेजारी."

"मंग? माझीबी चांगल्या घरी हाय."

चांगल्या घरी. मामाच्या घराला असं कोण म्हणतं?

मी वर कळवलं. 'आईची तक्रार आहे का?' एवढंच विचारलं गेलं.

माझी सई दोन वर्षांची. मी राहते त्या मसोलीत शेजारच्या लतिका वहिनी तिला सांभाळायच्या. एका संध्याकाळी म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांनी आता होत नाही गं. एखादी मुलगी बघून देऊ? दहा-अकरा वर्षांची, तुमच्या तिकडचीच. खायला-ल्यायला घातलं की झालं. लळा लावतात या पोरी."

"आणतं कोण त्यांना?"

"आहे एक बाई. तुला काय करायच्यात चौकशा? पोलीस आहेस का?"

त्या हसल्या. मी सईला त्यांच्या मांडीवरून उचललं. पायात नवे बूट होते. मी घेतलेले नव्हते. वहिनींनी हौसेनं घेतले असतील, नक्कीच तसंच असेल. तरी मी ते तिथंच काढून ठेवले.

आता सई माझ्याबरोबर शाळेत येते. जांभळीखाली बसते. हजेरीत ठकीचं नाव मी अजून दोनदा घेते. पोरं आता हसत नाहीत.

तुमच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, बाळ कडेवर घेतलेली एखादी बारकी मुलगी असेल. नाव पिंकी नाहीतर सोनी सांगतील. वय विचाराल तर अठरा. मालकिणीला काही विचारू नका. ती जिन्यात एकटी भेटली, की ठकी म्हणून हाक मारून बघा. एकदा साधी. मग जरा लांबवून.

आवाज कदाचित येणार नाही. नुसता हात वर झाला, तरी तीच.