गाळलेला नियम

विशेष पथकातले जवान तिला मुंगीबाई म्हणायचे. ती गणिताची प्राध्यापक होती. पहिल्याच तासाला तिने सांगितलं होतं, की वारुळात हुकूम सोडणारं कुणी नसतं. प्रत्येक मुंगी शेजारणीकडे बघून ठरवते आणि तरी अख्खं वारूळ शहाण्यासारखं वागतं.

"आमच्याकडे नेमकं उलटं आहे, बाई," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यात मोठ्याने हसला तो पथकाचा प्रमुख, तिचा सख्खा थोरला भाऊ. त्यानेच तिला इथे आणलं होतं.

दोन वर्षं तिने जुन्या मोहिमा तपासल्या. समोरची परिस्थिती बदलली आणि योजना तीच राहिली, तिथेच तुकड्या फसल्या होत्या. मग तिने तीन नियम लिहिले. तुकड्यांनी एकमेकींशी थेट बोलावं. वाट आपली आपण निवडावी. आणि काही खटकलं तर परवानगीसाठी न थांबता मागे फिरावं.

"तिसरा वरच्यांच्या पचनी पडणार नाही," दादा म्हणाला.

"तो काढलास तर बाकीचे दोन धोक्याचे आहेत, दादा. माणसं आत विखुरतील आणि माघारीचं दार बंद असेल."

"माझ्यावर सोड."

तिने सोडलं.

ओलिसांना सोडवायला पथक भरदुपारी एका गोदामात शिरलं. ओलीस तिथे नव्हतेच, तो सापळा होता. पाच जण परतले नाहीत.

चौकशी समितीपुढे दादा म्हणाला, "योजना प्राध्यापकांच्या सिद्धांतावर बेतली होती. आम्ही विश्वास ठेवला." तो तिला आयुष्यभर छोटी म्हणत आला होता. तिच्या हातात योजनेची प्रत दिली गेली. मुखपृष्ठावर तिचं नाव, आत दोनच नियम.

बाहेर बाकावर पथकाचा वायरलेसवाला बसला होता, कुबडी भिंतीला टेकवून. "बाई, आम्ही दोनदा परत फिरायला परवानगी मागितली," तो म्हणाला. "दारावर पहारासुद्धा नव्हता. सगळ्यांना खटकलं होतं. साहेब दोन्ही वेळा म्हणाले, पुढे चला."

तिने दादाला जिन्यात गाठलं.

"नियम ठेवला असता तर मोहीम मंजूरच झाली नसती," तो म्हणाला.

"मग नसती झाली."

"तुझं काय बिघडतं? तू कॉलेजात परत जाशील. माझी वर्दी जाईल, छोटी."

त्या एका शब्दाने ती जवळजवळ विरघळली. मग तिच्या लक्षात आलं, की तो शब्द त्याने आत्तापुरता काढला होता.

दुसऱ्या दिवशी तिने पथकाच्या दप्तरातून शोधून काढलेला मूळ मसुदा समितीसमोर ठेवला. तिसऱ्या नियमावर दादाच्या अक्षरात "गाळावा" असं लिहिलेलं होतं. वायरलेसवाल्याने साक्ष दिली. दादाला पदावरून काढलं. समितीने तिचा अभ्यासही बंद केला. असले प्रयोग नकोत, असा शेरा मारून.

संध्याकाळी ती आईकडे गेली. दादा आधीच येऊन गेला होता.

"पाठच्या बहिणीनेच पाठीत खंजीर खुपसला," आई म्हणाली. "घरातल्या घरात मिटवता आलं नसतं?"

"पाच माणसं मेली, आई."

"ती काय परत येणारेत?"

आई आत निघून गेली. मुंगीबाई चपला घालून जिना उतरली.