चौथा पुरावा

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीत खाली क्लासच्या पोरांच्या चपलांचा ढीग आणि वरच्या मजल्यावर हेमाताई. पेशींमधल्या वाटांचा नकाशा सांभाळणं हे त्यांचं काम. पेशीत एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. असं काही कुठल्या पेपरात छापून आलं की हेमाताई ते वाचायच्या, संस्थेच्या नकाशात एका नावाकडून दुसऱ्याकडे बाण काढायच्या आणि त्या बाणाला तो पेपर पुरावा म्हणून जोडायच्या. एका वस्तूला एकच नाव, आणि पुराव्याशिवाय बाण नाही. हा नकाशा जगातल्या इतर नकाशांना जोडलेला, त्यामुळे पेठेत काढलेला बाण बघता बघता जगभर दिसायचा. 'म्हणजे डेटा एन्ट्री का?' असं कुणी विचारलं तर त्या नुसत्या बघायच्या. विचारणारा पुन्हा विचारत नसे.

नम्रता त्यांच्याकडे आली ती डोळे सुजवूनच. मूळची वाशिमची, पेठेतच कॉट बेसिसवर राहणारी, सलिल सरांकडे पीएच.डी. करणारी. सरांनी तिला नकाशातल्या एका बाणावर बसवलं होतं. बाण तर आहेच, तो पेशीत घडताना दाखव आणि पुढे जा, एवढंच. आणि ते घडतच नव्हतं. सर म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. त्या बाणाला तीन पेपरांचा पुरावा आहे, मग तुझ्याच हाताला काय धाड भरली? मुदत संपत आली होती. निकाल नाही तर पदवी नाही, आणि उमेदीची सगळी वर्षं पाण्यात.

"ताई, पेशी बदलून पाहिल्या, रसायनं बदलली," ती म्हणाली. "इतकी वर्षं करून राहिली मी, होतच नाही ते."

हेमाताईंनी तिचे निकाल पाहिले. इतकं नीटस काम त्यांनी छापील पेपरांतही क्वचितच पाहिलं होतं. पोरीच्या हाताला काही झालेलं नव्हतं. मग आजवर कुणाला करावंसं वाटलं नव्हतं ते त्यांनी केलं, त्या तीन पुराव्यांच्याच मागे लागल्या. पहिल्या पेपरात प्रयोगच नव्हता, हवाला होता दुसऱ्याचा. दुसऱ्यात तिसऱ्याचा. आणि तिसऱ्यात हवाला कुणाचा, तर ह्यांच्याच नकाशाचा! घ्या. शेजारणीनं शेजारणीकडून ऐकलं, तसली गत. बाण तिन्ही पेपरांच्या आधीपासून तिथे होता, आणि काढणाऱ्याचं नाव होतं आप्पासाहेब.

आप्पासाहेब म्हणजे संस्थेचे संस्थापक, सलिल सरांचेही गुरू. पेठेत त्यांचा शब्द म्हणजे बाबा वाक्यं प्रमाणम्. त्यांची वामकुक्षी आटोपल्यावर हेमाताई त्यांच्या घरी गेल्या. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा दिला.

"अहो, दोन्हीकडच्या साखळ्या पुऱ्या होत्या, मध्येच जागा रिकामी," ते म्हणाले. "वाईट दिसत होतं. काढला बाण."

"अंदाजानं?"

"तेव्हा अंदाजच होता. आता तीन पेपर आहेत ना? झालं तर मग."

बाण काढून टाकू या, असं हेमाताईंनी म्हटलं. नकाशाच्या समितीकडे जा, आप्पासाहेब म्हणाले, पण समिती विरुद्ध बाजूचा छापील पुरावा मागेल, आणि तो नियम तुम्हीच लिहिलाय, नाही का? खरंच त्यांनीच लिहिला होता. हेमाताई चहा अर्धा टाकून उठल्या. अंगाचा तिळपापड झाला होता, पण राग कुणावर काढायचा?

त्यांनी नम्रताला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पुढे म्हणाल्या, "तोंडी काही मला चालत नाही. तू छापून आण, मी माझ्या हातानं नकाशात टाकते." पोरीनं विचारलं, नकाशाच्या विरुद्ध लिहिलेल्या पेपरवर सर सही कशी करतील? तेवढं तुलाच बघावं लागेल, असं त्या म्हणाल्या. समितीला स्वतः पत्र लिहिता आलं असतं, सलिल सरांना गाठून चार शब्द सुनावता आले असते. पण निवृत्ती तोंडावर आली होती, आणि पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेतो? वारज्याला घरी जाताना त्यांना स्कूटरवर स्वतःचाच राग यायचा. दुसऱ्या दिवशी कामाच्या रगाड्यात त्या तो विसरायच्या. महिने गेले.

दिवाळीनंतर नम्रता आली ती पेढे घेऊन. पीएच.डी. झाली होती आणि पेपरही छापून आला होता. हेमाताईंना इतका आनंद झाला की त्यांनी उभ्या उभ्याच पेपर उघडला.

प्रयोग यशस्वी. पेशीत ते घडताना स्वच्छ दिसतंय. शेवटी आप्पासाहेबांचे आभार, आणि हेमाताईंचेही.

"हे कधी झालं?"

नम्रता टेबलाकडे बघत होती. "एकदाच दिसलं, ताई. थोडंसं. पुन्हा नाही दिसलं. तेवढंच छापलं." मग म्हणाली, "तुम्हीच म्हटलं होतं ना, छापून आण."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि हेमाताईंना तेच सोसवेना. त्यांना ओरडावंसं वाटलं. पण कुठल्या तोंडानं ओरडणार?

पेपर छापील होता, नियमात बसत होता. त्यांनी नकाशा उघडला आणि त्या बाणाला चौथा पुरावा जोडला. संगणकानं पुराव्याचा प्रकार विचारला. आधीच्या तिन्हींपुढे 'लेखकाचे विधान' होतं. ह्याच्यापुढे त्यांनी 'प्रत्यक्ष प्रयोग' निवडलं. आता बाणाकडे बोट दाखवायला जागाच उरली नाही. खाली नोंद करणाऱ्याच्या जागी त्यांचं स्वतःचं नाव उमटलं.

नम्रतानं पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. त्यांनी एक घेतला, पण खाल्ला नाही.

दारापर्यंत जाऊन ती थांबली. सरांनी आता स्पृहा नावाच्या नव्या मुलीला ह्याच बाणाच्या पुढच्या पायरीवर बसवलंय, ती सांगत होती.

"तिला काहीच होऊन नाही राहिलं, ताई. रडते रोज. पाठवू का तुमच्याकडे?"

"नको," हेमाताई म्हणाल्या.