चौदा नंबरचं दार

शिडीवर उभ्या दीपकने पडद्यातलं पॅनेल काढलं आणि त्या जागी नवं बसवलं. शूटिंगसाठी उभारलेली वीस फूट उंच एलईडीची भिंत पुन्हा उजळली. तिच्यावर डिलाईल रोडची चाळ उभी राहिली: गॅलरी, वाळत घातलेले कपडे, सताड उघडी दारं. एका जागचा काळपट चौकोन तेवढा तसाच होता.

"अजून डेडच आहे," दिग्दर्शक हेरंब खालून म्हणाला.

पॅनेल बिघडलं नव्हतं, हे दीपकला सकाळपासून ठाऊक होतं. ते गडद हिरवं, बंद दार होतं. चौदा नंबरची खोली, त्याचीच. तरी त्याने दोन पॅनेलं बदलली. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात; याला तर स्वतःलाच जागं करायचं नव्हतं.

शेवटी ते बंद दार आहे, हे त्याने सांगितलं. हेरंब माटुंग्याचा, पण मामाच्या चाळीत सुट्ट्या काढलेला. चाळीत भरदिवसा दार बंद दिसलं की लोक विचारायला येतात, कोण गेलं म्हणून, असं तो म्हणाला. ते काही खोटं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतर शॉट होता, तोवर दार उघडं हवं होतं.

चाळ पाडण्याआधी, गेल्या एप्रिलमध्ये, ती पडद्यावर उभी करण्यासाठी तिचे हजारो फोटो काढले गेले. दीपकनेच चाळ सुचवली होती. मध्ये माणूस आला तर फोटो जोडताना चित्र फाटतं, म्हणून त्याने घरोघर विनवण्या केल्या. शेजारच्या सुंदराबाई दार उघडंच ठेवून आत बसल्या. त्याचे वडील गुणाजी मात्र गिरणीत जन्म काढलेले, सांगितलेलं काम चोख करणारे. फोटोत यायचं म्हणून पांढरा सदरा घालून गॅलरीत बसले होते. ते स्टूल उचलून आत गेले, दार लावून घेतलं. झालं की सांग, एवढंच म्हणाले.

काम एकला आटपलं. दीपक सगळ्यांबरोबर माहीमला जेवायला गेला आणि सांगायचं विसरला. सातला परतला तर दार बंदच. आत उकाड्यात गुणाजी त्याच सदऱ्यात बसलेले.

"झाला काय रे?" त्यांनी विचारलं.

दीपक मोबाइल चार्जिंगला लावत होता. त्याने उत्तरच दिलं नाही. गणपतीआधी ते गेले, दिवाळीनंतर चाळ गेली. तेव्हापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. न वाटण्याची लाज तेवढी वाटायची.

कॉम्प्युटरवरच्या सीमाने हेडसेटवरून उपाय सांगितला. सुंदराबाईंचं उघडं दार उचलून चौदा नंबरवर बसवायचं. चौदाच्या आतलं कुणी टिपलंच नव्हतं, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. दोन मिनिटांचं काम. मग ते हिरवं दार जगात कुठेच उरणार नव्हतं.

"दीपक, करू?"

तो इतका जवळ होता की दार दिसत नव्हतं, नुसते हिरवे ठिपके दिसत होते. त्याने हातमोजा काढला आणि बोटं पडद्याला टेकवली. पडदा कोमट होता.

"झालं," तो म्हणाला. "उघडा आता."

सीमाचा माउसवरचा हात थांबला. चार वर्षांत त्याने तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

"मला म्हणालास?"

"नाही," दीपक म्हणाला. त्याने बोटं पडद्यावरून काढून घेतली. "तू उघड."